कपाट आपले, यादी सर्वांची

पुस्तक संगणकावर चढवले की ते सर्वांना मिळाले, असा एक समज अलीकडे आपल्या वस्त्यावस्त्यांतून पसरला आहे. नातवंडे म्हणतात, "आजोबा, मोबाईलवर सगळे असते." असेलही. पण असणे वेगळे आणि सापडणे वेगळे. आम्ही गेली तीन वर्षे दर रविवारी या एकाच फरकापाशी मांडी घालून बसलो आहोत. त्यातून जे कळले ते आपल्या कुटुंबांपर्यंत जावे असे वाटते. कारण ज्या कागदांची ही हकिकत आहे, तसे कागद आपल्यापैकी पुष्कळांच्या माळ्यावर, ट्रंकेत, पलंगाखाली आजही पडून आहेत.

आम्ही म्हणजे पाच जण. एक महापालिकेच्या नोकरीतून निवृत्त झालेले, एकाने छापखान्यात तीस वर्षे खिळे जुळवलेले, दोघी घर सांभाळून वाचनालयाचे काम पाहणाऱ्या, आणि ग्रंथालयशास्त्र शिकलेली आमच्याच चाळीतली एक मुलगी. मुंबईतल्या आमच्या चाळीत विहारामागच्या खोलीत तीन लोखंडी कपाटे होती. त्यांत जुनी साप्ताहिके, जयंतीच्या स्मरणिका, धम्मपरिषदांचे अहवाल, विहाराच्या वर्गणीच्या याद्या आणि जलसाकारांच्या गाण्यांच्या वह्या. रद्दीवाल्याच्या काट्यावर त्याची किंमत दोन वेळच्या भाजीएवढी झाली असती.

चाळ पुनर्विकासात गेली. संक्रमण शिबिरातल्या खोलीत माणसांनाच जागा पुरेना, तिथे कपाटे कुठे ठेवणार? कोणी म्हणाले, सगळे स्कॅन करून घ्या. यावर चाळीत मोठा वाद झाला, आणि तो उगाच नव्हता. काही वर्षांपूर्वी एका संस्थेचे गृहस्थ येऊन जुन्या अंकांचे दोन गठ्ठे फिल्म काढतो म्हणून घेऊन गेले होते. चिठ्ठीवर सही दिली, चहा घेतला आणि गेले. गठ्ठे परत आले नाहीत. तेव्हापासून "कागद उंबऱ्याबाहेर जाणार नाही" असा आमच्याकडे जवळजवळ ठरावच होता. म्हणून या वेळी दुसऱ्या एका संस्थेची मुले यंत्र घेऊन विहारातच आली, आठ दिवस बसली, आणि जाताना आमच्या हातात एक हार्ड डिस्क ठेवून गेली. चार हजारांवर पानांचे फोटो. नावे काय? शून्य शून्य शून्य एक, शून्य शून्य शून्य दोन, अशी शेवटपर्यंत. दुसरे काही नाही.

कपाटात निदान पुठ्ठ्याचा रंग ओळखीचा होता. तांबडा गठ्ठा जयंतीचा, सुतळीचा गठ्ठा वर्गणीचा, हे डोळे मिटून सांगता येई. डिस्कमध्ये सगळे एकाच रंगाचे.

याची पहिली परीक्षा लवकरच झाली. शेजारच्या चाळीतल्या एक आजी आल्या. विहार बांधताना त्यांच्या आईने वर्गणी दिली होती आणि यादीत नाव छापले होते, ते नातीला दाखवायचे होते. आम्ही तीन रविवार पाने उलटली. शेवटी नाव सापडले, पण ते आईचे नव्हते. नवऱ्याचे नाव, पुढे "यांची मंडळी", आणि त्यापुढे रुपया एक. आजी म्हणाल्या, "हीच माझी आई. तिचे नाव लिहा आता तुम्ही." आम्हाला या कामाचा अर्थ त्या वाक्याने कळला. छापलेले जसे आहे तसे ठेवायचेच, पण शोधणाऱ्यासाठी शेजारी एक नोंद करायची, आणि त्या नोंदीत त्या बाईचे स्वतःचे नाव असायचे.

ही नोंद कशी करायची याचा विचार जगात पुष्कळ झालेला आहे, हे आम्हाला त्या मुलीने सांगितले. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट एव्हरम नावाच्या बाई होत्या. त्या शिक्षणाने ग्रंथपाल नव्हत्या, संगणकाच्या प्रोग्रॅमर होत्या. ग्रंथालयाचे तालिकापत्र यंत्राला वाचता येईल असे मांडण्याची 'मार्क' ही पद्धत त्यांनी १९६० च्या दशकात उभी केली, आणि जगभरची मोठी ग्रंथालये त्यामुळे एकमेकांच्या नोंदी वापरू लागली. पण ती पद्धत पुरती शिकायला प्रशिक्षित माणूस लागतो. आमच्यासारख्यांचे काम भागवले ते पुढच्या एका बैठकीने. १९९५ च्या मार्च महिन्यात अमेरिकेतल्या ओहायो राज्यातील डब्लिन गावी ग्रंथालयवाले आणि संगणकवाले एकत्र बसले. इंटरनेटवर येणाऱ्या वस्तूंची नोंद साध्या माणसालाही करता यावी, हा विचार. त्यातून पुढे पंधरा रकाने ठरले. त्या गावावरून त्याला 'डब्लिन कोअर' म्हणतात. आयर्लंडच्या डब्लिनचा याच्याशी संबंध नाही.

शीर्षक, कर्ता, विषय, वर्णन, प्रकाशक, साहाय्य करणारे, तारीख, प्रकार, स्वरूप, क्रमांक, मूळ स्रोत, भाषा, कशाशी नाते, कोणत्या स्थळकाळाविषयी, आणि हक्क. बस्स, इतकेच. एकही रकाना सक्तीचा नाही आणि कोणताही रकाना हवा तितक्या वेळा भरता येतो. ही मोकळीक आम्हाला फार आवडली. आपल्या कागदांना मुखपृष्ठ नसते, साल नसते, कधी लेखकच नसतो. सक्तीचा फॉर्म असता तर आमचे निम्मे कागद दारातूनच परत गेले असते.

रकाने सोपे दिसतात. भरायला बसल्यावर घाम फुटतो. 'मूकनायक'चेच उदाहरण घ्या. पहिला अंक ३१ जानेवारी १९२० चा. कर्ता कोण लिहाल? तुम्ही म्हणाल, बाबासाहेब, यात विचारायचे काय! पत्र त्यांनीच सुरू केले. पण ते तेव्हा सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते, आणि संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकर यांचे होते. एका ग्रंथालयाने बाबासाहेबांचे नाव लिहिले आणि दुसऱ्याने भटकरांचे, तर यंत्राला ही दोन वेगळी पत्रे वाटतात. तेव्हा दोघांची नावे लिहायची आणि कोण कोणत्या नात्याने हे सांगायचे. शिवाय रोमन लिपीत कोणी मूकनायकला दोन 'ओ' लावतो, कोणी एक 'यू', कोणी मूक आणि नायक तोडून लिहितो. आडनावाचेही तसेच. आंबेडकर, अंबेडकर, अम्बेडकर, आम्बेडकर. माणसाला चारही एकच. यंत्राला चार माणसे. मोठी ग्रंथालये यासाठी 'प्रमाण नावांची' वेगळी वही ठेवतात. एका माणसाचे एक नाव ठरवायचे, बाकीची सगळी रूपे त्याखाली लिहायची, आणि कोणत्याही रूपाने शोधले तरी त्याच माणसापाशी पोहोचवायचे. अनेक देशांच्या राष्ट्रीय ग्रंथालयांनी आपापल्या अशा वह्या एकमेकींना जोडल्या आहेत. आमची वही शंभर पानी आहे आणि तीत निम्म्याहून अधिक नावे आमच्याच चाळीतली. "यांची मंडळी" म्हणून छापलेल्या बायांची खरी नावे आम्ही घरोघरी विचारून त्यात उतरवली. दोन घरांत कोणालाच आजीचे नाव आठवेना. तो रकाना आम्ही अजून कोरा ठेवला आहे.

तारखेचे त्रांगडे याहून मोठे. १४ ऑक्टोबर १९५६ ही तारीख कोणी दिवस आधी लिहून मांडतो, कोणी अमेरिकन पद्धतीने महिना आधी. ही तारीख निदान ओळखू येते, कारण चौदावा महिना नसतो. पण ५-६-५६ म्हणजे पाच जून की सहा मे? यावर जगाने एक तोड काढली आहे. आधी साल, मग महिना, मग दिवस: १९५६-१०-१४. असे लिहिले की गोंधळ नाही आणि यंत्रही आपोआप क्रम लावते. आता आपल्या पुस्तिकांवर नुसते "बुद्धवर्ष २५००" असते. आपल्याकडे, श्रीलंकेत आणि ब्रह्मदेशात २५०० वी बुद्धजयंती १९५६ साली झाली, थायलंडच्या मोजणीप्रमाणे ती १९५७ ला येते. म्हणजे पुस्तिका कुठे छापली हे पाहिल्याशिवाय साल लावता येत नाही. एका स्मरणिकेवर फक्त "७५ वी जयंती". आमच्यात दोन तट पडले, १९६५ की १९६६. शेवटी "अंदाजे १९६६" असे लिहून वर्णनाच्या रकान्यात कारण दिले. अंदाज आहे तर अंदाज म्हणावे, हा नियम आम्ही भिंतीवर लावला आहे.

आता लिपीविषयी. इथे आमच्या खिळे जुळवणाऱ्या काकांनी जे सांगितले ते कोणत्याही पुस्तकापेक्षा आम्हाला लवकर कळले. आमच्याकडे नव्वदच्या दशकातल्या काही फायली होत्या, श्रीलिपीत टाइप केलेल्या. दुसऱ्या संगणकावर उघडल्या की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा भुसा दिसे. काका म्हणाले, "समजा प्रत्येक छापखान्याने 'क'चा खिळा आपल्या केसमध्ये निराळ्या खणात ठेवला, आणि मजकूर म्हणून अक्षर न जपता नुसता खणाचा नंबर जपला. मग एका छापखान्याचा मजकूर दुसऱ्याच्या केसवर जुळवला तर काय निघेल?" अगदी तेच झाले होते. जुन्या फाँटांनी खणाचे नंबर जपले, आणि प्रत्येकाची केस निराळी.

युनिकोडने ही भानगड मिटवली. १९९१ साली त्याची पहिली आवृत्ती आली तेव्हापासून त्यात देवनागरी आहे. प्रत्येक अक्षराला साऱ्या जगात एकच क्रमांक. 'क'चा २३२५. फाँट कोणताही असो, क्रमांक तोच. तरीही पुरते मिटले म्हणावे तर तसेही नाही. मराठीतला आडवा र घ्या, 'दुसऱ्या' या शब्दातला. तो तीन तऱ्हांनी टाइप होतो: स्वतंत्र अक्षर म्हणून, 'र'खाली नुक्ता देऊन, किंवा 'र'चा पाय मोडून पुढे एक न दिसणारे जोडचिन्ह घालून. कागदावर तिन्ही हुबेहूब सारखे. यंत्र मात्र त्यांना वेगळे समजू शकते, आणि शब्द समोर असून "सापडला नाही" असे सांगते. म्हणून यादी दुसऱ्याला देण्यापूर्वी सर्व मजकूर एकाच रूपात आणावा लागतो. फोटोतला मजकूर यंत्राकडून वाचून घेण्याचा प्रयोगही आम्ही केला. चांगल्या छपाईवर ते बरे वाचते. आमच्या पिवळ्या पानांवर त्याने 'धम्म'चा 'घम्म' आणि 'भीम'चा 'मीम' केला. तपासायला माणूस लागतोच.

इथवरचे सगळे एका कपाटापुरते. खरी कसोटी दोन कपाटांची भेट होते तेव्हा लागते.

मराठवाड्यातल्या एका गावी आपल्याच समाजाचे एक जुने वाचनालय आहे. त्यांच्याकडे 'जनता' आणि 'प्रबुद्ध भारत'चे काही सुटे अंक होते, आमच्याकडे काही. 'जनता' २४ नोव्हेंबर १९३० ला निघाला आणि ४ फेब्रुवारी १९५६ ला त्याचेच नाव 'प्रबुद्ध भारत' झाले, हे आपल्याला ठाऊक आहे. त्यांनी दोन्ही एकाच गठ्ठ्यात एकाच नावाने बांधलेले, आम्ही दोन निराळ्या नावांनी. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या तर कोणते अंक कोणाकडे आहेत आणि कोणते कोणाकडेच नाहीत, हे काही केल्या जुळेना. डब्लिन कोअरमध्ये 'नाते' हा रकाना यासाठीच आहे. या पत्राच्या जागी पुढे ते पत्र आले, असे दोन्हीकडे लिहिले. मग यंत्राने रांग लावून दिली, आणि आमच्या गठ्ठ्यातली काही भगदाडे त्यांच्या अंकांनी भरतात हे एका संध्याकाळी दिसले. त्या दिवशी चहाबरोबर भजीही आली.

याद्या एकमेकांना कशा सांगायच्या, यासाठीही एक ठरलेली रीत आहे. १९९९ च्या ऑक्टोबरात न्यू मेक्सिकोतल्या सांता फे शहरात यावर बैठक झाली. हर्बर्ट व्हॅन द सोम्पेल आणि कार्ल लागोझ ही यातली मुख्य माणसे. २००१ साली तिची पहिली आवृत्ती आली, २००२ ची दुसरी आवृत्ती आजही चालते. नाव अवघड आहे, ओएआय-पीएमएच. काम मात्र गावच्या तलाठ्याला समजेल असे. एका ग्रंथालयाचा संगणक दुसऱ्याला फक्त सहा गोष्टी विचारू शकतो. तू कोण? तुझ्या नोंदी कोणकोणत्या नमुन्यांत मिळतील? तुझ्याकडे कोणते संच आहेत? क्रमांकांची यादी दे. नोंदींची यादी दे. अमुक एक नोंद दे. आणि याला जोडून "मागच्या तारखेनंतर नवे किंवा बदललेले तेवढेच दे" असेही म्हणता येते, म्हणजे दर वेळी सगळे दळण पुन्हा दळायला नको. या गोळा करण्याला त्यांच्या भाषेत 'कापणी' म्हणतात. ज्याने पेरले त्याचे शेत त्याच्याकडेच राहते, हे मात्र त्या शब्दातून कळत नाही, आणि आमच्या सभेत नेमके त्यावरूनच अडले.

आजी-काकी, तरुण पोरे, सगळे जमले होते. "यादी दिली म्हणजे उद्या कागद मागतील," एक काकी म्हणाल्या. "एकदा दिले होते ना?" त्यांचे चुकत नव्हते. पाण्याला कुलूप घालणारे आणि आपली विहीर दुसऱ्याच्या नावावर करून घेणारे, दोन्ही प्रकारची माणसे आपल्या समाजाने पाहिली आहेत. त्यावर आमच्या मुलीने फार शांतपणे सांगितले की, या रीतीत पुस्तक जातच नाही, फक्त नोंद जाते. मूळ कागद आमच्याकडे, पानांचे फोटो आमच्या डिस्कवर, आणि नोंदीत एवढेच की ही वस्तू अमक्या वाचनालयात आहे. पाहायची असेल त्याने यावे. गठ्ठा नेणाऱ्या गृहस्थांनी उलटे केले होते. कागद नेला आणि यादी कोणालाच दिली नाही. त्यामुळे आज तो गठ्ठा कुठल्या तरी कपाटात असला, तरी नसल्यासारखाच. काकींनी बराच वेळ विचार केला आणि विचारले, "म्हणजे आपण नाव सांगायचे, मूल द्यायचे नाही?" त्यावर ठराव झाला.

मराठवाड्यातल्या मंडळींच्या संगणकावर डीस्पेस आहे. एमआयटी आणि ह्यूलेट-पॅकार्ड यांनी मिळून तयार केलेली ही प्रणाली २००२ पासून विनामूल्य मिळते आणि तिला हे सहा प्रश्न समजतात. आमची ऐपत वेगळा संगणक चोवीस तास चालवण्याची नव्हती. म्हणून आम्ही एक्सेलच्या तक्त्यात त्याच पंधरा रकान्यांत नोंदी केल्या, आणि त्या त्यांच्याकडे स्वतंत्र संच म्हणून बसल्या. सहाशेच्या आसपास नोंदी झाल्या, त्यांतल्या वर्गणीच्या याद्यांना सर्वांत जास्त वेळ लागला.

मोठ्या पातळीवरही हेच चालते. आयआयटी खरगपूरने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय १९ जून २०१८ रोजी देशाला अर्पण झाले. तेही मुख्यतः नोंदी गोळा करते, पुस्तके बहुधा ज्या त्या संस्थेकडेच राहतात. त्याआधी या शतकाच्या सुरुवातीला 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया' नावाचे मोठे काम झाले होते. लाखो पुस्तके स्कॅन झाली, त्यांत मराठीही पुष्कळ. पण बऱ्याच नोंदी रोमन लिपीत, स्पेलिंग ज्याला जसे सुचेल तसे, कुठे पाने गहाळ. पुस्तक आत असून हाक मारायला नाव नाही. पुढे ते संकेतस्थळ बंद पडले. त्यातली लाखो पुस्तके आज मिळतात, कारण त्यांच्या प्रती अमेरिकेच्या 'इंटरनेट अर्काइव्ह'वर जाऊन राहिल्या होत्या. सरकारी पैशाने झालेल्या कामाला अखेर दुसऱ्याच्या घरी आसरा मिळाला, याची आम्हाला तरी थोडी लाज वाटते. पण प्रत दोन ठिकाणी हवी, हे त्यातून पक्के झाले. आमची एक डिस्क शिबिरात आहे, दुसरी पुण्यात एकाच्या बहिणीकडे.

नोंदीला कायमचा क्रमांकही हवा. गिरणीत खाते बदलले तरी कामगाराचा बिल्ला नंबर बदलत नसे, तसा. संकेतस्थळाचा पत्ता बदलतो, संस्था बंद पडते, आमची तर चाळच गेली. क्रमांक पत्त्यावर बांधला तर पत्त्याबरोबर बुडतो. याचे सर्वांत चांगले उदाहरण आम्हाला त्रिपिटकात दिसले. गृहस्थाची कर्तव्ये सांगणारे सिगालोवाद सुत्त आपल्या घरांतून वाचले जाते. दीघनिकायातले ते ३१ वे. हा ३१ आकडा कोलंबोत, रंगूनमध्ये, लंडनमध्ये सारखाच चालतो. लंडनच्या पाली टेक्स्ट सोसायटीची स्थापना १८८१ ची, तिच्या छापील आवृत्तीचे पान क्रमांकही अभ्यासक अजून वापरतात. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने रंगूनच्या सहाव्या संगीतीचा पाली पाठ संगणकावर आणला. मजकूर एकच, पण तो देवनागरीत वाचा, सिंहलीत वाचा, बर्मी लिपीत वाचा. याच सुत्ताची चिनी भाषेतही चार रूपे आहेत. 'सुत्तसेंट्रल' या संकेतस्थळावर ती पालीच्या समोर लावून ठेवली आहेत. ज्यांनी ही भाषांतरे केली ते दीड हजार वर्षांपूर्वीचे लोक एकमेकांना ओळखतही नसतील. क्रमांक ठरलेले आहेत म्हणून आज ती एका ओळीत उभी राहतात.

शेवटचा रकाना हक्कांचा. यात आपले लोक दोन टोकांना जातात. काही म्हणतात सगळे समाजाचे आहे, टाका इंटरनेटवर. काही म्हणतात काहीच टाकू नका, कोर्टात जावे लागेल. कायदा सरळ आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क राहतो आणि मोजणी पुढच्या वर्षाच्या पहिल्या दिवसापासून होते. बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले त्यांचे लिखाण १ जानेवारी २०१७ पासून सर्वांसाठी खुले आहे. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' मूळ इंग्रजीत १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला, म्हणून तो एक वर्ष उशिरा, २०१८ पासून. पण अनुवादकाचा हक्क वेगळा असतो, तो त्याच्या आयुष्यावर मोजायचा. आणि वामनदादा कर्डक २००४ साली गेले, तेव्हा त्यांची गाणी २०६४ अखेरपर्यंत त्यांच्या वारसांची आहेत. घराघरांत ती पाठ आहेत म्हणून ती कोणाचीच नाहीत असे होत नाही. आम्ही अशा वस्तूंची नोंद जाहीर करतो, पाने करत नाही. खुल्या झालेल्या वस्तूंची पाने आता हळूहळू वर चढत आहेत.

हे वाचून कोणाला आपल्या घरचे गठ्ठे आठवले असतील, तर कागद कोणाकडे पाठवण्याची घाई करू नये. एक दुरेघी वही घ्या. वर काय छापले आहे ते जसेच्या तसे उतरवा, तारीख असेल तर साल आधी लिहा, नसेल तर कशावरून अंदाज केला ते लिहा, कोणाकडून घरात आले ते लिहा, आणि गठ्ठ्याला आणि वहीला एकच आकडा द्या. पुस्तिकेत बायकांची नावे नवऱ्याच्या नावाखाली असतील तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आजच विचारा. हे काम दहावीतली मुलगी करू शकते. टाचण्या काढून टाका, गंजतात.

आमच्यापुढे सध्या एक जलशाची वही आहे. शाई पसरलेली, पहिली चार पाने नाहीत, नाव कुठेच नाही. एका घराने सांगितले, हे आमच्या आजोबांचे अक्षर. दुसऱ्या घराने फोटो पाहिला आणि म्हणाले, छे, गाणी आमच्या चुलत्यांनी रचली, त्यांनी फक्त उतरवून घेतली. दोन्ही घरांत सध्या बोलणे बंद आहे. कर्त्याचा रकाना हवा तितक्या वेळा भरता येतो म्हणून आम्ही दोन्ही नावे लिहिली, आणि दोन्हींपुढे "घरच्यांच्या सांगण्यावरून" असे लिहिले. मागच्या रविवारी मराठवाड्यातून निरोप आला की, त्यांच्याकडच्या एका वहीत यातली तीन गाणी आहेत, आणि तिथे तिसरेच नाव आहे. त्या वहीचे फोटो या आठवड्यात यायचे आहेत.